बशीखालचा ग्लास

४ मार्च, सोमवार

बोट अजून धक्क्यालाच बांधलेली आणि हिला बोट लागली!

म्हणजे तसं मी सांगितलं. जेवणाच्या हॉलमध्ये माझ्या टेबलावर दोघांची मांडामांड केलेली होती. बुकिंग दोघांचंच होतं, हिनेच गेल्या वर्षी केलेलं. वेटरने माझी खुर्ची ओढली आणि विचारलं, "आणि मॅडम?" मी तोंड उघडलं. वाक्य तीन शब्दांचं आहे. ते आलंच नाही. त्याच्या जागी आलं ते असं — "खोलीत पडलीये. बोट लागली."

वेटरने खिडकीबाहेर बघितलं. धक्क्यावरचा माणूस दोराशेजारी उभा राहून जांभई देत होता.

"काहींना लवकर लागते, साहेब," वेटर म्हणाला. चेहऱ्यावरची रेष हलली नाही त्याच्या.

नोव्हेंबरात ही गेली. कागदावर लिहिता येतं. तोंडाने अजून एकदाही म्हटलेलं नाही. नातेवाइकांना मुलीने कळवलं. माझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना काउंटरवरच्या बाईंनी सांगितलं. मी आतल्या अंधाऱ्या खोलीत लोकांचे डोळे तपासत बसलो. मुलगी म्हणते, "बाबा, एकदा बोलून टाका. कुणाजवळही." म्हणून तर तिने मला बोटीवर चढवलं. तिला वाटतं, अनोळखी माणसांत सोपं जाईल. पहिल्याच अनोळखी माणसापुढे शेपूट घातली.

इथे रात्रीच्या जेवणाबरोबर वाईनचा एक ग्लास फुकट असतो. जो जेवायला येत नाही त्याचा ग्लास बशी झाकून खोलीवर पोचवतात. कुणाचा हक्क बुडायला नको! तर हिचाही आला. मी दार अर्धंच उघडलं आणि कुजबुजलो, "झोपलीये." वेटरनेही कुजबुजत "बरं" म्हटलं, ग्लास हातात दिला आणि गेला.

दोन्ही ग्लास मीच प्यालो. टाकून द्यायला जमत नाही. दोन्ही सारखेच वाईट.


५ मार्च, मंगळवार

फुकटच्या वाईनबद्दल हिचं मत पक्कं होतं. ती कधी बोटीवर चढली नव्हती, पण मताला त्याची गरज कुठे असते. "अहो, जी कुणी विकत घेत नाही तीच फुकट देतात," म्हणायची. मी म्हणायचो, धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत. ती म्हणायची, मी तर आधी दातच मोजते, गाय नंतर बघते.

या गायीला दातच नाहीत, हे आज सांगायला हवं होतं तिला.

खोली लहान आहे पण नीटनेटकी. गोल खिडकी, आरसा, दोन पलंग जोडून एक केलेला. पायथ्याशी सपातांचे दोन जोड, कागदाच्या पिशवीत बंद. मी माझा फोडला. दुसरा आहे तिथे आहे.

आज टेबलावर शेजार आला. एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि त्यांचे यजमान. त्यांचं आधीचं टेबल स्वयंपाकघराच्या दाराला लागून होतं. दर मिनिटाला दार पाठीत बसायचं म्हणून बाईंनी ते बदलून घेतलं. बाईंचं बोलणं अजून शाळेतच आहे. "खुर्ची ओढू नका, उचला." यजमानांना ऐकू कमी येतं, म्हणून ते सगळ्यालाच "हो हो" म्हणतात. मी मनात त्यांची नावं ठेवून टाकली — हेडबाई आणि हो-हो.

"मिसेसना बोट लागली म्हणे?" हेडबाई. वेटरने सांगितलं असणार. "आलं द्या. किसून. मीठ लावून. मी पाठवते."

"नको, उगाच तुम्हाला —"

"पाठवते म्हटलं ना."

"हो हो," हो-हो म्हणाले.

आलं आलं. मीच खाल्लं. मग बशीखालचा ग्लास. आणि इथे एक गंमत. हा ग्लास मघाच्यापेक्षा बरा लागला. बराच बरा.

पण माझ्या धंद्यात या गोष्टीवर कुणी विश्वास ठेवत नाही. एवढी वर्षं मी दुसरं काही केलं नाही. डोळ्यासमोर एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, हे स्पष्ट की हे? लोक नेहमी म्हणतात, दुसरं. भले दोन्ही काचा एकच का असेनात. पास व्हायचं असतं त्यांना. ही म्हणायची, "लग्नासाठी मुली बघतानाही तुम्ही असंच विचारलं असणार. मी दुसरी होते ना?"

होती दुसरी. कधी कबूल केलं नाही.

तेव्हा दुसरा ग्लास बरा लागणं हा डोळ्यांचा — म्हणजे जिभेचा — नेहमीचा खोटारडेपणा. शिवाय तोंडात आलं होतं.


६ मार्च, बुधवार

आज कार्डावर वाईनचं नाव छापलं होतं, "संध्याकाळची मखमल". नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! पहिल्या घोटाला जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

हेडबाईंनी विचारलं, "मिसेस काय म्हणतात? आलं लागू पडलं?"

"बरीये जरा."

"आणि वाईन प्यायल्या का कालची? की तशीच ठेवली?"

आता मी गप्प राहायला हवं होतं. गप्प राहण्यात मी तरबेज आहे. चाळीस माणसांच्या लग्नात मी चार वाक्यांवर दिवस काढलेला आहे. पण हेडबाई माझ्याकडे बघत होत्या, वेटर बाटली घेऊन शेजारी उभा होता, आणि माझ्या तोंडून गेलं, "म्हणाली, फुलदाणीतलं पाणी बदलायला झालंय."

हेडबाई अशा हसल्या की चमचा खाली पडला. हो-हो म्हणाले, "काय?" बाईंनी त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. ते पलीकडच्या दोन टेबलांनाही ऐकू गेलं. तिथलेही हसले.

आणि हे खोटं नव्हतं! हिने अगदी हेच म्हटलं होतं. वाईनबद्दल नाही, माझ्या चहाबद्दल. मी केलेल्या.

बशीखालचा ग्लास आज मुद्दाम आधी चाखून बघितला. जेवायला जाण्याआधीच खोलीवर पाठव म्हणून वेटरला सांगून ठेवलं होतं, मॅडमना लवकर झोपायचंय म्हणून. म्हणजे आज तो पहिला आणि टेबलावरचा दुसरा. काचांचा क्रम उलटा केला की गिऱ्हाइकाचं खोटं उघडं पडतं.

तरीही खोलीतलाच बरा. मऊ. घशाशी भांडत नाही.

असेल. थोडा वेळ बशीखाली दम खाल्ला की माणूसही मऊ होतो.


७ मार्च, गुरुवार

बोट बंदराला लागली तशी मुलीचा फोन आला. "बाबा, बोललात का कुणाशी?" म्हटलं, खूप बोलतोय. ती इतकी खूश झाली की पुढचं सांगवेना.


७ मार्च, रात्रीच्या जेवणानंतर

आता रीतच पडली आहे. सूप येतं, वाईन येते, हेडबाई हात पुसून बसतात आणि म्हणतात, "हं. बाईंचा शेरा?"

आज पांढरी होती. मी म्हटलं, "म्हणाली, दातांच्या डॉक्टरने गुळणी करायला द्यावी आणि आपण चुकून गिळावी, तशी."

हा शेरा हिचा नव्हता. मला जिन्यात सुचला. जिन्यात उभं राहून मी तिला विचारलं होतं, बरा आहे का. ती असती तर तिने पास केला असता. एक शब्द बदलून.

पलीकडच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी मान वळवून विचारलं, "आणि कालच्या लालबद्दल काही म्हणाल्या?" लोक वाट बघतात! मी, ज्याच्याकडून उणे दोनचा नंबर काढून घ्यायला गिऱ्हाइकाला तीनदा विचारावं लागतं, तो हॉलमध्ये लोकांना हसवतो आहे. हिच्या तोंडाने.

हेडबाई म्हणाल्या, "तुमच्या मिसेस फार मजेशीर आहेत हो. तुम्ही मात्र अगदीच —" आणि थांबल्या.

"हो हो," हो-हो म्हणाले.

उठताना हेडबाईंनी लिंबू दिलं. कापून, मीठ भरून, कागदात गुंडाळून. "उद्या मी स्वतः येऊन बघते त्यांना." मी म्हटलं, तिला कुणी बघितलेलं आवडत नाही आजारपणात. हे तर शंभर टक्के खरं. हॉस्पिटलमध्ये शेवटी शेवटी मलासुद्धा "तिकडे तोंड करून बसा" म्हणाली होती. मी तिकडे तोंड करून बसलो. खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसायची. कोणती गाडी वाकडी लावली ते मी सांगायचो आणि ती मागून चालकांना शिव्या घालायची.

लिंबू खाल्लं. कडू होतं. बशीखालचा ग्लास त्यावरही चांगला लागला.


८ मार्च, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुपारी डेकवर खुर्चीत बसलो होतो. समोर एक बारीक, उंच गृहस्थ येऊन उभे राहिले. कोटावर चांदीचा छोटा द्राक्षांचा घड लावलेला. बोटीवरच्या वाईनचा सगळा कारभार यांच्याकडे.

"आपण मॅडमचे मिस्टर ना? त्या शेरेवाल्या मॅडमचे?"

जन्मात पहिल्यांदा कुणाच्या नावाने ओळखला गेलो. म्हटलं, हो.

"फुलदाणी माझ्यापर्यंत आली," ते म्हणाले. "गुळणी कप्तानांपर्यंत गेली. कप्तान जेवताना हसले, आणि मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले."

मी उठू लागलो, माफी मागायला. त्यांनी मला खाली बसवलं आणि स्वतःही शेजारच्या खुर्चीच्या काठावर बसले.

"एक सांगू? ती वाईन मी निवडत नाही. वरून, कंपनीकडून येते. पिंपातून. मला लाज वाटते तिची. पण इतक्या वर्षांत एक माणूस काही बोललेला नाही. फुकटची आहे ना. लोक पितात, हसतात, 'वा' म्हणतात. एवढ्या लोकांत तुमच्या मॅडम पहिल्या, ज्यांनी तिला वाईन समजून नावं ठेवली." डोळ्यांत चक्क पाणी होतं का? असेल. वाराही होता. "उद्या शेवटचं जेवण. मी माझ्या कपाटातली चांगली बाटली उघडणार आहे. मॅडमसाठी. पाच मिनिटं खाली या म्हणावं. नाही जमलं तर मी वर येतो, बाटली घेऊन."

"तिला बोट —"

"आज पाणी अगदी ताटासारखं आहे, साहेब," ते म्हणाले. आणि होतंच ते.

संध्याकाळी हेडबाईंना ही बातमी माझ्याआधी कळलेली. "मी उद्या निळी साडी नेसणार आहे," म्हणाल्या. "चार दिवस त्या बाईंना ओळखते मी, आणि अजून तोंड बघितलेलं नाही."

आज शेरा विचारला तेव्हा म्हटलं, झोपली होती.


९ मार्च, शनिवार. सकाळी

विचार करून ठेवले ते उपाय —

अचानक ताप. (डॉक्टर येतील.)

अचानक राग. नवराबायकोचं भांडण, ती म्हणते मी येणार नाही. (हेडबाई समजूत घालायला जातील. त्यांच्यापुढे कुठलंच दार टिकत नाही.)

आज जेवायलाच न जाणं. (द्राक्षवाले बाटली घेऊन वर येणार.)

गोल खिडकी. (माझं डोकंसुद्धा जाणार नाही तिच्यातून.)

ही असती तर म्हणाली असती, "अहो, मी गेलेय एवढं सांगायला तुम्हाला इतके कष्ट पडतात? मला जायला इतके पडले नाहीत."

पडले होते. पण ती असंच म्हणाली असती.


९ मार्च, शनिवार. जेवण झाल्यावर

सांगितलं.

जसं झालं तसं लिहून ठेवतो. हेडबाई निळ्या साडीत. हो-हो टाय बांधून, कानातलं यंत्रही आज लावलेलं. माझ्या शेजारची खुर्ची थोडी मागे ओढून ठेवलेली, बसणाऱ्याला सोपं जावं म्हणून. द्राक्षवाले बाटली हातावर पांढऱ्या फडक्यात धरून उभे, बाळ धरल्यासारखी. मागे आमचा वेटर.

"मॅडम?" द्राक्षवाल्यांनी विचारलं.

मी चष्मा काढला. चष्मा काढला की समोरचे चेहरे विरघळतात, नुसते रंग उरतात. निळा, पांढरा, आणि चांदीचा एक ठिपका. मी रंगांना म्हटलं, "माझी बायको गेली."

कुणाला कळलंच नाही. "कुठे गेल्या?" हेडबाई.

"वारली. नोव्हेंबरात. बोटीवर ती चढलीच नाही. मी एकटाच आहे."

एकदा सुटलं तसं भराभर आलं सगळं. त्याच तीन शब्दांशी सगळं अडलं होतं.

मग निळा रंग म्हणाला, "मग आलं कुणी खाल्लं?"

"मी."

"रोज?"

"रोज. लिंबूसुद्धा. कडू होतं ते."

"मी इतकं बारीक किसत होते," हेडबाई म्हणाल्या. "त्या बाईंना चावायचा त्रास नको म्हणून." आणि मग आवाज थोडा चिरला त्यांचा. मी चष्मा घातला नाही. त्यांनाही ते बरं वाटलं असावं.

बोलले ते हो-हो. पाच दिवसांत पहिल्यांदा त्यांचं पूर्ण वाक्य ऐकलं. "पण मग ते शेरे कुणाचे होते?"

"काही तिचे. काही माझे."

"तिचे कोणते?"

मी सांगायला गेलो. फुलदाणी तिचीच, चहाबद्दलची. गुळणी माझी, जिन्यातली. की गुळणीही तीच कधी म्हणाली होती, खोकल्याच्या औषधाला? हे की हे? आठवून आठवून बघितलं. दोन्ही काचा सारख्याच दिसू लागल्या.

"नाही सांगता येत," म्हटलं.

"हो हो," ते म्हणाले. पण हे वेगळं हो-हो होतं.

द्राक्षवाले अजून बाटली धरून उभेच. बिचाऱ्यांना कळेना, फडकं काढावं की परत गुंडाळावं. मी म्हटलं, उघडा. तिच्यासाठी आणलीत ना. त्यांनी उघडली. सगळ्यांना ओतली, रिकाम्या खुर्चीपुढेही. मला विचारलं नाही, बरं केलं.

प्यालो. काय वाईन होती! आणि गंमत अशी की चव ओळखीची वाटली. कुठे घेतली होती अशी, आठवेना. ही आणि मी असल्या महाग वाटेला कधी गेलो नाही.

हेडबाईंनी नाक पुसलं आणि सवयीने विचारलं, "शेरा?"

सगळे माझ्याकडे बघत होते. पलीकडचं टेबलही. मी वाट बघितली. जिन्यात सुचायचं तसं काहीतरी येईल म्हणून. नाही आलं.

"चांगली आहे," म्हटलं.

"एवढंच?"

"ती असती तर बोलली असती. मी एवढंच बोलतो."

द्राक्षवाल्यांनी मान खाली घातली. "एवढं पुष्कळ आहे, साहेब," म्हणाले.

वर आल्यावर मुलीला फोन लागला नाही. उद्या लागेल. तिला सांगायचं आहे.

आज खोलीवर ग्लास आला नाही. यायचं कारणही नाही आता. तरी दाराकडे दोनदा बघितलं.


१० मार्च, रविवार

सामान उतरवायला वेटर आला. दाराशी थोडा घुटमळला. मग पलंगाच्या पायथ्याशी पडलेल्या न फोडलेल्या सपातांकडे बोट दाखवून म्हणाला, "पहिल्या रात्री ग्लास द्यायला आलो तेव्हाच ही पिशवी दिसली, साहेब. बुकिंग दोघांचं आणि सपाता एकाच्याच फोडलेल्या — इतकी वर्षं बोटीवर काढल्यावर कळतं काय ते."

"आणि तरी तू रोज ग्लास आणत राहिलास?"

"दुसऱ्या दिवसापासून वरच्या बारमधून आणला. तिथली फुकट नसते." त्याने सुटकेस उचलली. "जिवंत माणसाला खपवतो ती पिंपातली. पण जे माणूस नाही, त्याच्यापुढे ती बशी झाकून न्यायला हात धजेना." जिन्यापाशी थांबून त्याने विचारलं, "मॅडमना कसा वाटला?"

"दुसरा बरा," म्हटलं.